मामाजींनी केलेलं पाण्यात गेलं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पंचेचाळिशीच्या एका अंगणवाडी सेविकेनं लिहिलं आहे. माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट. सासरे, म्हणजे तिचे मामाजी, ऐंशीचे, वर्षभरापासून खाटेवर. तरुणपणी ते यवतमाळच्या बायबल सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, माळी होते. सेमिनरी पुण्याला गेली तेव्हा ते गावी परतले आणि पाच एकर कोरडवाहूवर संसार केला. गावात कुणाचीही मयत असो, खड्डा खणायला मामाजी पहिले. उन्हाळ्यात त्यांची विहीर साऱ्या वस्तीला मोकळी. अडलेल्या बाया त्यांच्याच बंडीतून रात्री-बेरात्री दवाखान्यात पोचल्या.

दोन महिन्यांपूर्वी घरी प्रार्थनासभा झाली. नव्या तरुण पाळकांनी संदेश दिला, चांगल्या कामांनी कोणी स्वर्गात जात नाही, तारण, म्हणजे पापातून सुटका, फक्त विश्वासानं. त्या रात्री मामाजी सुनेला म्हणाले, "मंग मी जलमभर केलं ते सारं पान्यातच गेलं काय वं, बाई?" तेव्हापासून ते नीट जेवत नाहीत. धाकट्या दिरानं वडिलांच्या सातबाऱ्यावर पीक कर्ज उचलून दारूत घातलं होतं. ते ताईंनी दागिने मोडून फेडलं. दिरानं मागच्या वर्षी दारू सोडली, प्रभूला स्वीकारलं. आता तो दर बुधवारी साक्ष देतो, 'माझी सारी पापं माफ झाली.' पण बापाचं अंथरूण त्यानं एकदाही बदललेलं नाही. ताई विचारतात: हा कुठला न्याय? मामाजींना मी काय सांगू? आणि आपल्या गाडगेबाबांसारख्या माणसाचं मग काय?

उत्तर

ताई, सलाम.

शास्त्र-वचनांकडे वळण्याआधी एक सांगते. दोन महिने नीट न जेवणारं ऐंशी वर्षांचं माणूस आधी डॉक्टरला दाखवा. खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्यांची भूक जाते, झोप जाते, 'आता कशाला जगायचं' असं ते बोलू लागतात. त्याला घरचे लोक कधी हट्ट म्हणतात, कधी विश्वास कमी पडला म्हणतात. तो आजारही असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना घरी बोलावता आलं तर बोलवा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. प्रार्थना चालू ठेवा, पण औषधाच्या जागी प्रार्थना आणि प्रार्थनेच्या जागी औषध, असं दोन्ही करू नका.

आता पाळक साहेबांचं. त्यांच्यावर तुम्ही फार रागावलेल्या दिसता. पण ते चुकीचं बोलले नाहीत, अर्धं बोलले. बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठवं-नववं वचन सांगतं की तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नव्हे, म्हणजे कुणाला फुशारकी मारता येऊ नये. आपले बहुतेक संदेश इथे थांबतात. पुढचं दहावं वचन मात्र म्हणतं, आपण देवाच्या हातची कृती आहोत आणि सत्कृत्यं करण्यासाठीच घडवलेले आहोत. ती कामं त्यानं आधीच योजून ठेवली आहेत. कामं आधी असतात की नंतर, एवढाच तिथे प्रश्न आहे. कामं नकोत, असं हे पत्र लिहिणारा पौल कुठेच म्हणत नाही. तुमच्या घरी त्या रात्री दहावं वचन वाचलं गेलं असतं, तर मामाजी कदाचित जेवून झोपले असते. हे पाळक साहेबांना सांगा, पण मंडळीसमोर नको. चहाला बोलवा, मामाजींच्या खाटेजवळ बसवा आणि ते रात्री जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगा. तरुण पाळकाला आपला संदेश कुठे जाऊन लागला हे बहुतेक वेळा कळतच नाही.

अडचण आपल्या भाषेतही आहे. 'कर्म' हा शब्द आपण शास्त्रात वाचतो तेव्हा गावातलं सगळं सोबत येतं: करावं तसं भरावं, पुण्य गाठीशी बांधावं, पूर्वपुण्याई, पाप-पुण्याचा हिशेब. तीन-चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही आजी 'तेवढंच पुण्य' असं सहज म्हणते. माझ्या आईच्या ट्रंकेत एक वही होती. त्यात कुणाच्या लग्नाला काय दिलं, मंडळीला किती दिलं, कोणत्या विधवेला कधी ज्वारी दिली, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. ती गेल्यावर आम्ही वही चाळली आणि हसलो. मग मला रडू आलं, कारण शेवटच्या पानावर तिनं बेरीज करायला घेतली होती आणि अर्ध्यात सोडली होती.

तुम्ही लिहिता, 'मामाजींनी आयुष्यभर राबून कमावलं आणि भाऊजींना आयतं मिळालं.' या वाक्यात एक गृहीतक दडलं आहे, तिकडे जरा वळू. यात मामाजी देवाचे सालदार आहेत.

विदर्भातल्या वाचकांना सालदार समजावून सांगायला नको. सालाचा करार, आधीच घेतलेली उचल, पडलेले खाडे कापून घेणं आणि सालाच्या शेवटी मालकासमोर उभं राहून हिशेब. सालदार किती का राबेना, वावर त्याचं होत नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पोराची गोष्ट या नजरेनं पुन्हा वाचा. परत येताना तो पोरगा वाटभर एक वाक्य घोकत येतो: बाबा, मी तुमचा मुलगा म्हणवायच्या लायक नाही, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिला अर्धा भाग म्हणतो. मजुराचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण तोवर बापानं झगा, अंगठी, जोडे मागवलेले असतात. बापाला एक सालदार वाढवायचा नव्हता.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तुमचा आहे, ताई. थोरला मुलगा वावरातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि बाहेरच थांबतो. म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, एकदाही शब्द मोडला नाही, मला साधं करडूसुद्धा दिलं नाही. घरातला मुलगा असून तो बोलतो मात्र सालदारासारखं. बाप त्यालाही आणायला बाहेर जातो, हे आपण विसरतो. आणि त्याला म्हणतो, बाळा, तू तर कायम माझ्याजवळच आहेस, माझं जे काही आहे ते तुझंच आहे. तो शेवटी आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही.

न्यायाचा तुमचा प्रश्न खोटा नाही. मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. सकाळपासून उन्हात राबलेल्यांना एक दिनार आणि संध्याकाळी तासभर आलेल्यांनाही एक दिनार. आपल्याकडे कापसाची वेचाई किलोवर असते, निंदण रोजानं. येशूची गोष्ट वेचाईची नाही, निंदणाची आहे. आणि तीही अशा मालकाची, जो संध्याकाळी पाचला आलेल्या बाईलाही पूर्ण रोज देतो. आपल्या गावात कुणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी एकही बाई वावरात फिरकणार नाही, हे मलाही कळतं! पण त्या गोष्टीत सकाळच्या मजुरांचा एक पैसाही कापलेला नाही. ठरला तो रोज त्यांना मिळाला. दुखतं ते दुसऱ्यालाही तेवढाच मिळाला म्हणून. भाऊजींना माफी मिळाली तेव्हा मामाजींच्या हातातून काय गेलं, हे शांतपणे तपासून पाहा.

आणि मामाजींनी ती कामं रोजासाठी केली होती का? हे मला पत्रातून दिसत नाही. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईला बंडीत घालताना माणूस स्वर्गाचा विचार करत नाही. तो बैल शोधतो, कंदील शोधतो. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं जे चित्र आहे, त्यात उजवीकडची माणसं राजाला चकित होऊन विचारतात: प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिला आणि जेवू घातलं? आजारी कधी पाहिला आणि भेटायला आलो? त्यांच्याकडे यादीच नाही. कामं केली आणि विसरून गेली अशी ती माणसं. मामाजींनीही या वयापर्यंत यादी केली नव्हती, असा माझा अंदाज आहे. त्या संदेशानंतर त्यांनी ती पहिल्यांदा काढली, आणि काढल्या-काढल्या कुणीतरी म्हणालं, ही चालणार नाही. त्याचा धक्का बसला.

म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. 'तुमचा विश्वासच तुम्हाला तारतो' असं घाईनं सांगूही नका. त्यानं म्हातारा माणूस नव्या काळजीत पडतो: माझा विश्वास पुरेसा आहे का? मग विश्वासाचंही एक कर्म होऊन बसतं, त्याचीही मोजणी सुरू होते. विश्वास म्हणजे रिकामा हात पुढे करणं. हात किती मोठा आहे यावर दान ठरत नसतं. त्यांना लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार, लोक ज्याला पापी समजत असा कर वसूल करणारा, वाचून दाखवा. तो मंदिरात लांब उभा राहतो, वर बघायची हिंमत नाही, एवढंच म्हणतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' आठवड्यातून दोन उपास करणारा आणि दशांश देणारा परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, शेजारी असताना, नीतिमान ठरून घरी गेला तो हा. हळू वाचा, एका वेळी एवढंच, आणि वाचून झाल्यावर स्पष्टीकरण देऊ नका. ते जास्त बोलले तर ऐका.

मग एखाद्या दुपारी त्यांना जुन्या गोष्टी विचारा. सेमिनरीच्या बागेत कोणती झाडं लावली होती? पहिल्यांदा खड्डा कुणासाठी खणला? युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. कितीतरी तरुण तिथे रोमकरांस पत्र शिकले असतील, आणि खिडकीबाहेर मामाजी झाडांना पाणी देत असतील. त्यांना बोलू द्या. काही दिवसांनी एवढंच म्हणा: मामाजी, तुमचं काही पाण्यात गेलं नाही, पण ते काट्यावर ठेवायची गरजही नाही. पाळक साहेबांना घरी प्रभुभोजन घेऊन यायला सांगा. खाटेवरच्या माणसाला ते हक्कानं मागता येतं. भाकर हातावर ठेवली जाते, तेव्हा घेण्यापलीकडे करायचं काही नसतं.

पंडिता रमाबाईंचं आठवतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सारं कुटुंब घेऊन तीर्थयात्रा केल्या, दानधर्म केला, उपास केले. दुष्काळात ते घर उपाशी पडलं. आधी आईवडील आणि मग थोरली बहीण रमाबाईंनी गमावली. पुढे 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तारण हे दान आहे हे उमगल्यावर त्या हात बांधून बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात आपल्या मध्य प्रांतात येऊन त्यांनी शेकडो निराधार मुली नेल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं.

आता भाऊजी. त्यांनी दारू सोडली ही फार मोठी गोष्ट आहे, ती लहान करू नका. ज्या घरानं दारू पाहिली आहे त्या घराला तिची किंमत कळते. पण देवानं माफ केलं म्हणून तुमचे दागिने परत आले, असं होत नाही. 'माणूस जे पेरतो तेच कापतो' हे गलतीकरांस पत्रातलं वाक्यही पौलाचंच आहे, त्याच पौलाचं ज्यानं कृपेवर इतकं लिहिलं. लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत जकातदार जक्कय पाहा. येशू आधी त्याच्या घरी गेला, जक्कयनं काही फेडण्याआधी. आणि घरात बसल्यावर जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. कुणी मागितलंही नव्हतं. याकोबाच्या पत्रात तर सरळ म्हटलं आहे की क्रियांवाचून विश्वास निर्जीव. भुतंसुद्धा विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्या मार्टिन लूथरला हे पत्र फार आवडत नसे. नव्या कराराच्या आपल्या 1522 च्या प्रस्तावनेत त्यानं त्याला 'गवताचं पत्र' म्हटलं. पण त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत तो लिहितो की विश्वास ही जिवंत, धडपडी गोष्ट आहे. चांगली कामं करायची का, हे ती विचारत बसत नाही, विचारण्याआधीच ती करून मोकळी झालेली असते. 'फक्त विश्वासानं' हा झेंडा ज्यानं उचलला त्याचंच हे म्हणणं आहे. भाऊजींना हे वाचून दाखवायला हरकत नाही.

त्यांना बुधवारच्या सभेत सर्वांसमोर टोकू नका. घरी बसा: तुम्ही, भाऊजी, पाळक साहेब आणि तुमचे यजमान. (तुमच्या चार पानी पत्रात यजमानांचा एकदाही उल्लेख नाही. ते कामासाठी बाहेरगावी असतील तर फोनवर घ्या. घरीच असतील तर मात्र हा प्रश्न एकट्या भाऊजींचा नाही.) सोसायटीला भरलेला आकडा कागदावर लिहा. कापूस विकला की किती, सोयाबीन विकलं की किती, ते ठरवा. पूर्ण फिटणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. तरी कागद असू द्या. आणि तुमच्याशी त्यांनी तोंडानं माफी मागावी, असं तुम्हाला वाटत असेल तर ते स्पष्ट सांगा. त्यात कमी विश्वास काही नाही. ज्या वाचकांच्या घरी असाच नवा विश्वासी आणि जुनं कर्ज आहे, त्यांनीही हेच करावं: क्षमा आणि फेड एकमेकींत कालवू नका. क्षमा उद्या करता येईल, फेडीला चार हंगाम लागतील.

तुमच्या माहेरावरून भाऊजी टोमणे मारतात, 'कॅथलिक लोक कामांनी स्वर्ग विकत घेतात' म्हणून. ते त्यांना थांबवायला सांगा. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून म्हटलं. 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. मतभेद सगळे संपले असं नाही, पण तुमच्या आईनं लहानपणी शिकवलेली दयेची कामं आणि सासरची कृपा, या दोन सवती नाहीत.

गाडगेबाबांबद्दल. शेंडगावचा तो माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव झाडत फिरला, इतरांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मातीचं गाडगं घेऊन राहिला. अमरावती-यवतमाळकडच्या ख्रिस्ती माणसाच्या मनातही त्यांच्याविषयी आदर असतो, आणि तो असावा. त्यांचं पुढे काय, हे मला विचारू नका, ताई. न्यायाची खुर्ची माझी नाही आणि पाळक साहेबांचीही नाही. योहानच्या शेवटच्या अध्यायात पेत्र दुसऱ्या एका शिष्याकडे बोट दाखवून विचारतो, प्रभू, याचं काय? येशू म्हणतो, तुला त्याचं काय? तू माझ्यामागे ये. हे उत्तर मला अपुरं वाटायचं. आता त्यात आराम वाटतो. तारण ख्रिस्तात आहे हे मी मनापासून मानते. कुणाकुणाचं नाव त्याच्या दयेबाहेर ठेवायचं, याची यादी करायचं काम मला दिलेलं नाही.

शेवटी तुमच्याविषयी. तुम्ही लिहिलंय, 'मी मामाजींचं सारं करते, देव कुठेतरी लिहून ठेवत असेल एवढ्याच आशेवर.' हे वाक्य प्रामाणिक आहे आणि थकलेल्या बाईचं आहे. अंगणवाडी, घर, वावर, खाटेवरचं माणूस आणि वर कुणाचा 'बरं केलंस' असा शब्द नाही. मग माणूस देवाच्या वहीवर जगायला लागतं. तुमची सेवा मी कमी लेखत नाही. पण ती नाही झाली तर देव तुम्हाला कामावरून काढेल, ही भीती तरी सोडा. एखाद्या दिवशी चिडचिड झाली, मामाजींना उलट बोललात, तर तुमचा खाडा पडत नाही.

दोन-चार दिवस माहेरी जाऊन या. अंथरूण कसं बदलायचं, पाठ कशी पुसायची, कुशीवर कसं वळवायचं, हे जाण्याआधी भाऊजींना दाखवून ठेवा. त्यांची साक्ष बुधवारी असते ना? मग मंगळवारची रात्र मामाजींच्या खाटेजवळ त्यांची.